'आय अ‍ॅम गुड' म्हणजे कॉफी नको: बोलीतलं इंग्रजी कसं समजून घ्यावं

घरातून निघताना आपण 'येतो' म्हणतो आणि नारळ फोडला तरी 'वाढवला' म्हणतो. शब्दकोश घेऊन मराठी शिकणाऱ्याची इथे जी फजिती होते, तीच आपली इंग्रजी गप्पांमध्ये होते.

१. आधी कान तयार करा. 'गोइंग टू'चं 'गॉना' होतं, 'गिव्ह मी'चं 'गिमी'. शब्द ओळखीचाच असतो, फक्त झिजून गुळगुळीत झालेला. एखाद्या मालिकेचा दोन मिनिटांचा तुकडा सबटायटल लावून पाहा, मग तोच नुसता ऐका.

२. शब्दाला शब्द लावत बसू नका. वाक्य कशाच्या उत्तरात आलं आणि त्यावर समोरचा काय म्हणतो ते पाहा. कॉफी विचारल्यावर 'आय अ‍ॅम गुड' आलं, तर तो 'नको' म्हणतोय. ट्रॅफिकबद्दल तुम्ही कुरकुरलात आणि कोणी 'टेल मी अबाउट इट' म्हणालं, तर पुढे सांगायला लागू नका; त्याचा अर्थ 'मला विचार की!' असा. फोनवर 'आय विल लेट यू गो' म्हणजे 'चला, ठेवतो'. लंडनमध्ये 'यू ऑलराइट?' ला गुडघेदुखी सांगायची नसते, 'यू ऑलराइट?' असंच परत म्हटलं तरी चालतं. म्हणून वहीत वाक्य आणि त्याचं उत्तर जोडीनेच लिहा.

३. बोलणारा कुठला, हे बघा. 'क्वाइट गुड' अमेरिकन माणसाने म्हटलं तर छानच; ब्रिटिशाने म्हटलं तर बरेचदा 'ठीक आहे' इतकंच. हा फरक जिवावरही बेततो. एप्रिल १९५१ मध्ये कोरियात इमजिन नदीकाठी चिनी फौजांच्या वेढ्यात सापडत चाललेल्या ब्रिटिश तुकडीचा ब्रिगेडिअर ब्रॉडी अमेरिकन वरिष्ठाला 'अ बिट स्टिकी' एवढंच म्हणाला, असं सांगतात. ब्रिटिश कानाला तो आकांत होता; अमेरिकन कानाला थोडी अडचण. त्याच्या तुकडीतल्या ग्लॉस्टर्स पलटणीचे बहुतेक सैनिक मारले गेले किंवा पकडले गेले.

४. अडलं की विचारा. 'सॉरी, व्हॉट डझ दॅट मीन?' पुरतं. समजल्यासारखं हसण्यापेक्षा ते बरं.

५. स्वतः वापरायची घाई नको. कप सांडला तर 'माय बॅड' (माझं चुकलं) शोभतं, ग्राहकाचे पैसे बुडाले तर नाही. आणि 'प्रीपोन', 'डू द नीडफुल' ही आपली लाडकी नाणी. भारताबाहेर ती ऐकून समोरचाच बुचकळ्यात पडतो.