एव्हरेस्ट बेस कॅम्पला मित्रांसोबत जाताय? या चुका टाळा

दर वर्षी फेब्रुवारीत ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "एप्रिलमध्ये आठजण ईबीसीला, एव्हरेस्ट बेस कॅम्पला, चाललोय. प्लॅन पाठवलाय, जरा नजर टाक ना." मी विमान, हॉटेल, खर्च यांतलं काहीच बघत नाही. आधी वाटेतली नामचे आणि डिंगबोचे ही दोन गावं शोधते. दोन्हीकडे दोन-दोन रात्री असतील तर पुढचं वाचते, नसतील तर उलट फोन लावते. उत्तर ठरलेलं असतं, "अगं, रजाच मिळत नाहीये." रजा मिळत नसेल तर या वर्षी जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. काहीजण दुखावतात, पण माझं मत बदललेलं नाही.

मुक्कामाचा दिवस कापणं

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्याबद्दल लांबलचक लिहिणार आहे.

नामचे बाजार ३,४४० मीटरवर आहे, डिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९४०, गोरक्षेप ५,१६४ आणि बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं सगळे म्हणतात, पण ते तिथेही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, म्हणून छाती भरून घेतलेल्या श्वासातही ऑक्सिजन निम्म्याच्या आसपास येतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं. श्वास जलद होतो, त्यामुळे बिघडलेला रक्ताचा तोल मूत्रपिंडं हळूहळू सावरतात. या सगळ्याला दिवस लागतात, आणि ते दिवस पैसे टाकून किंवा जिद्दीनं वाचवता येत नाहीत.

साधा नियम असा : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढायची. नामचे आणि डिंगबोचेचे मुक्काम यासाठीच आहेत. त्यांना 'रेस्ट डे' हे नाव कुणी दिलं कोण जाणे, त्या नावानंच घोटाळा केलाय. काहीजण त्या दिवशी दुपारपर्यंत रजईत पडून राहतात. त्या दिवशी वर चढून झोपायला खाली यायचं असतं. नामचेहून एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत म्हणजे ३,८८० मीटरपर्यंत जाऊन या. डिंगबोचेहून मागच्या नांगकारत्शांगच्या धारेवर जमेल तितकं चढा, तासभर बसा आणि उतरा.

"आम्ही दर रविवारी सह्याद्रीत असतो, आम्हाला काय होणार" असं म्हणणाऱ्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. विमानानं उतरून जिथून चालायला सुरुवात होते, त्या लुक्लाची धावपट्टीच त्याच्याहून बाराशे मीटर उंच आहे. सह्याद्रीनं पाय तयार होतात, दम तयार होतो, आणि ते हवंच. पण उंचीचा त्रास फिटनेस बघून येत नाही. उलट फिट माणूस भरभर चालतो, त्यामुळे शरीराला वेळ मिळण्याआधीच वर पोचतो.

आमच्या दुसऱ्या खेपेला हेच झालं. लुक्लाचं विमान सुटतं त्या रामेछापच्या मंथली विमानतळावर खराब हवेमुळे दोन दिवस अडकलो. राखीव दिवस एकच ठेवला होता. डिंगबोचेला रात्री जेवताना विषय निघाला की इथली दुसरी रात्र कापली तर परतीचं विमान चुकणार नाही. गाईड दाइ (नेपाळीत दादा) नको म्हणाले. आम्ही सातजण होतो, सगळ्यांना बरं वाटत होतं, हात वर करून निर्णय झाला. माझाही हात वर होता. त्या गोष्टीची मला आजही लाज वाटते, म्हणूनच हे सगळं लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी लोबुचेला पोचलो. आमच्यातला सगळ्यात तयारीचा मित्र, हाफ मॅरेथॉन पळणारा, जेवला नाही. "भूक नाही, झोपतो," म्हणाला. रात्री अकराच्या सुमारास त्याच्या खोलीतल्या जोडीदारानं मला उठवलं. मित्राला स्लीपिंग बॅगची चेन उघडता येत नव्हती. बाथरूमकडे जाताना तो दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर आपटत होता. दाइंनी त्याला एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचा अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो कलंडला. असा तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण, आणि अशा वेळी सकाळची वाट बघायची नसते.

रात्री तिथे हेलिकॉप्टर येत नाही. दाइंजवळ एक छोटा ऑक्सिजन सिलिंडर होता. तो लावून दाइ, एक पोर्टर आणि मी त्याला घेऊन खाली निघालो. दोघांनी दोन बाजूंनी धरलेलं, मी पुढे टॉर्च घेऊन. वाटेतल्या थुकला खिंडीच्या माथ्यावर एव्हरेस्टच्या परिसरात जीव गेलेल्यांच्या स्मृतीचे दगडी चोर्तेन, म्हणजे छोटे स्तूप, आहेत. दिवसा आम्ही तिथे फोटो काढले होते. रात्री त्यांच्यामधून जाताना कुणी एक शब्द बोललं नाही. थुकलाचा उतार उतरायलाच दीड तास लागला. पहाटे फेरिचे गाव गाठलं. हिमालयन रेस्क्यू असोसिएशन १९७३ पासून या कामात आहे आणि वसंत आणि शरद या दोन हंगामांत तिचा दवाखाना फेरिचेला चालू असतो. तिथे ऑक्सिजन आणि औषधं मिळाली, उजाडल्यावर हेलिकॉप्टर आलं. मित्र पूर्ण बरा झाला. खाली पोचल्यावर तासाभरात तो स्वतःचं नाव नीट सांगू लागला, तेव्हा तिथल्या बाकावर बसून मी रडले होते.

डोकं दुखतंय हे मित्रांना न सांगणं

नंतर कळलं की त्याचं डोकं डिंगबोचेपासूनच दुखत होतं. त्यानं दोन वेळा वेदनाशामक गोळ्या घेतल्या, पण कुणाला सांगितलं नाही. का? "माझ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक फसेल असं वाटलं."

मित्रांसोबत जाण्यातला हा खरा धोका आहे. अनोळखी गटात माणूस पटकन सांगतो की मला बरं वाटत नाही. दोस्तांमध्ये लाज आडवी येते, चिडवतील याची भीती असते, सहा महिने बघितलेलं स्वप्न असतं. म्हणून हे काम निघायच्या आधीच करायचं. माझ्या गटात आता घरी बसूनच तीन गोष्टी ठरतात. कुणी आजारी पडलं तर त्याच्यासोबत खाली कोण उतरणार, त्याचं नाव. गाईडनं नको म्हटलं तर मतदान नाही. आणि सकाळ-संध्याकाळ जेवणाच्या टेबलावर प्रत्येकानं चार प्रश्नांची उत्तरं मोठ्यानं द्यायची : डोकं दुखतंय का, मळमळतंय का, चक्कर येते का, जेवण गेलं का. मी ती वहीत लिहिते. काहींना हे शाळेसारखं वाटतं, वाटू दे.

डोकेदुखीला गोळी घेणं चूक नाही, लपवून घेणं चूक आहे. गोळी घेऊन, पाणी पिऊन, आराम करूनही डोकं थांबलं नाही किंवा मळमळ सुरू झाली तर त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, बोलणं किंवा चाल बिघडली असेल, तर लगेच खाली. निदान पाचशे-हजार मीटर, आणि एकट्यानं कधीच नाही.

ऑक्सिमीटरवर विसंबणं

संध्याकाळी टी-हाऊसमध्ये, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या लॉजमध्ये, हे यंत्र हातोहात फिरतं आणि "माझे ८४, तुझे ७९" अशी शर्यत लागते. गार बोटांवर आकडा चुकतो, आणि वर प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. लोबुचेला त्या मित्राचा आकडा माझ्यापेक्षा चांगला होता, म्हणून मीही निर्धास्त झोपायला गेले. आता मी माणसाकडे बघते. जेवतोय का, बोलतोय का, बुटाची नाडी नीट बांधतोय का.

डायमॉक्सबद्दल ऐकीव गोष्टी

उंचीच्या त्रासासाठी घेतात ती ही गोळी वेदनाशामक नाही आणि तिनं लक्षणं झाकली जात नाहीत. ती शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते. प्रतिबंधासाठी बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, विशेषतः सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, त्यानं घाबरू नका. मात्र गोळी चालू आहे म्हणून मुक्काम कापायचा, हा हिशेब मला अजिबात मान्य नाही.

राखीव दिवस न ठेवणं

लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटरची, चढावर बांधलेली, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी. ढग आले की विमानं बंद होतात, आणि ती बंद होतात ते बरंच आहे. गर्दीच्या हंगामात बरीच विमानं काठमांडूऐवजी मंथलीहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तासांचा गाडीप्रवास. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा, तीन मिळाले तर उत्तम. आमची सगळी गडबड त्या एका कमी पडलेल्या दिवसापासून सुरू झाली होती.

बाकीच्या, थोडक्यात

नवे बूट घालून येणं. त्या बुटांत आधी दोन महिने चाला, ओझं घेऊन चाला, उतार उतरा.

फक्त आधार कार्ड घेऊन विमानतळावर येणं. नेपाळला विमानानं जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. दर खेपेला कुणीतरी हे विसरतंच.

विमा घेताना उंचीची मर्यादा न वाचणं. ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरनं खाली आणणं, दोन्ही शब्द पॉलिसीत स्पष्ट हवेत. पॉलिसीचा नंबर गटातल्या सगळ्यांकडे हवा.

नामचेच्या वर मांसाहार. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या या भागात, प्राणी मारत नाहीत, त्यामुळे मांस खालून पाठीवर येतं आणि त्याला दिवस लागतात. दालभात खा, मागाल तेवढा पुन्हा वाढतात.

याक आणि झोप्क्यो (याक आणि गाय यांचा संकर) समोरून आले की दरीच्या बाजूला उभं राहणं. नेहमी डोंगराच्या बाजूला, भिंतीला चिकटून. झुलत्या पुलावर जनावरं चढली असतील तर ती उतरेपर्यंत थांबा. फोटोसाठी पुढे जाणाऱ्यांना मी हाताला धरून मागे ओढलंय.

तोंड उघडं ठेवून चालणं. कोरड्या गार हवेनं घसा सोलवटतो आणि खुंबूचा खोकला महिनाभर सोबत राहतो. पहिल्या दिवसापासून तोंडावर बफ (गळ्यात घालायचा नळीसारखा रुमाल) ठेवा.

पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या बाहेर ठेवून झोपणं. थंडीत त्या रिकाम्या होतात, स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. पैशाचंही तसंच, नामचे सोडण्याआधी पुरेशी नेपाळी रोकड काढून घ्या.

पोर्टरला सामानाइतकंच मोजणं

त्या रात्री मित्राला एका बाजूनं धरणारा पोर्टर दिवसभर आमचंच सामान वाहून थकलेला होता. त्याला उठवलं तेव्हा त्यानं फक्त बूट कुठे आहेत ते विचारलं. बूट म्हणजे साधे कापडी, तळवे झिजलेले. त्याच बुटांनी तो थुकलाच्या दगडांवरून खाली आला आणि उजाडल्यावर बाकीच्यांचं सामान आणायला पुन्हा लोबुचेला चढला.

तेव्हापासून एजन्सीला पैसे भरण्याआधी मी विचारते : पोर्टरचा विमा आहे का, एकाच्या पाठीवर किती किलो देणार, तो रात्री कुठे झोपतो, त्याच्याकडे बूट आणि जॅकेट आहे का. दोघांत एक पोर्टर, आणि माणशी दहा-बारा किलोच्या वर सामान नाही, हा माझ्या गटाचा नियम आहे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या बॅगा काट्यावर ठेवते आणि जादा जीन्स, तिसरा स्वेटर, जड शाम्पूच्या बाटल्या काठमांडूच्या हॉटेलात काढून ठेवायला लावते. बक्षिसी शेवटच्या संध्याकाळी लुक्लाला, प्रत्येकाच्या हातात, प्रत्येकाचं नाव घेऊन. आणि वर कुणी पोर्टर खोकताना किंवा डोकं धरून बसलेला दिसला तर तेच चार प्रश्न त्यालाही विचारा. बरेच पोर्टर खालच्या गावांतून आलेले असतात, उंची त्यांनाही लागते, आणि मजुरी बुडेल म्हणून ते आमच्या मित्रापेक्षाही जास्त गप्प राहतात.