सिंकचा ठिबकणारा नळ घरच्या घरी दुरुस्त करताना

सोलापुरात महापालिकेचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येत असल्यामुळे छतावरील टाकी हाच घराचा आधार असतो. त्यामुळे ठिबकणारा नळ तसाच ठेवणे येथे परवडत नाही.

प्रथम गळतीची जागा पाहावी. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडत असतील, तर आतील वायसर झिजलेला असतो. नळ चालू असताना मुठीखालून पाणी झिरपत असेल, तर तेथील नट किंचित आवळणे बहुधा पुरेसे ठरते.

वायसर बदलण्यासाठी सिंकखालील अँगल कॉक (पाणी बंद करण्याची छोटी तोटी), तो नसल्यास टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि नळ उघडून पाइपातील पाणी निघू द्यावे. सिंकच्या जाळीवर फडके पसरावे, कारण मुठीचा बारीक स्क्रू हमखास तेथेच पडतो. मूठ काढल्यावर नळाचा षटकोनी भाग पान्याने डावीकडे फिरवून स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा आतील दांडा, बाहेर काढावा. त्याच्या टोकाचा वायसर दुकानात दाखवून त्याच मापाचा घ्यावा. अंदाजाने आणलेला क्वचितच बसतो.

बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत वायसर जेथे टेकतो त्या पितळी कडेवर पांढरा क्षार जमतो. तो व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसावा आणि कडेवरून बोट फिरवावे. खाच लागली, तर नवा वायसरही लवकरच कापला जातो, तेव्हा नळच बदलणे शहाणपणाचे.

पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळांत मात्र असा वायसर नसतो. तेथे संपूर्ण कार्ट्रिज, म्हणजे पाणी चालू-बंद करणारा आतील सुटा भाग, बदलावे लागते.