जुना टाइपरायटर घ्यायचाय? आधी हे बघा

पहिल्यांदाच घेत असाल तर अंडरवुड नं. ५ बघा, १९०० च्या आसपास बाजारात आला आणि लाखोंनी खपला त्यामुळे आजही सापडतो. १८७४ चं शोल्स-ग्लिडन वगैरे विसरा, ते म्युझियमवाल्यांचं काम. त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती आणि टाइपबार (टोकाला अक्षर असलेल्या दांड्या) कागदावर खालून आपटायचे, म्हणजे काय टाइप झालं ते लगेच दिसायचंच नाही! लहान-मोठी दोन्ही अक्षरं देणारी शिफ्ट की आली १८७८ च्या रेमिंग्टन नं. २ मध्ये. अंडरवुडने टाइपबार समोरून आपटवला आणि लिहिलेलं डोळ्यासमोर दिसायला लागलं, पुढे सगळ्यांनी तेच उचललं.

दुकानात गेलात की कागद सोबत न्या. प्रत्येक की दाबून बघा, टाइपबार झटकन मागे पडतो का, कॅरेज (कागद धरून सरकणारा वरचा भाग) एकेक घर सरकतं का. कागद ज्यावर गुंडाळतो त्या रोलरला नख लावून बघा, दगडासारखा कडक झाला असेल तर भाव पाडा. कॅरेज डावीकडे सरकवलं की उजवीकडे फ्रेमवर सिरियल नंबर दिसतो, त्यावरून साल काढता येतं.

आणि प्लीज, अडकलेल्या टाइपबारवर तेल ओतू नका, मी ओतलं होतं, आठवडाभर भारी चाललं मग धूळ बसून असा चिकटा झाला की विचारू नका. टूथब्रश घ्या, थोडं रॉकेल, टाइपबार ज्या खाचांत हलतात त्या घासा. रिबन, म्हणजे शाईची फीत, अर्ध्या इंचाची, ती अजून मिळते.