लॉ कॉलेज निवडायचंय? आधी कोर्ट बघा, मग फी

निकाल लागले की सोलापुरातल्या वकिलांचे फोन वाजायला लागतात. "पोरगी लॉ करायचं म्हणतेय, कुठलं कॉलेज चांगलं?" याला सरळ उत्तर नसतं. मुलीला सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात उभं राहायचं असेल तर एक उत्तर, मुंबईच्या लॉ फर्ममध्ये कंपन्यांचे करार तपासायचे असतील तर दुसरं, आणि बँकेत विधी अधिकारी व्हायचं असेल तर तिसरंच. बहुतेक घरांत मात्र आधी कॉलेजचं नाव ठरतं, मग फी विचारली जाते आणि पुढचं पुढे. मी उलट्या क्रमाने जायला सांगतो.

पायरी १ : काम कुठे आणि कसलं करायचं ते ठरवा

यासाठी एक दिवस मोडा आणि जिल्हा न्यायालयात जाऊन बसा. कोर्ट खुलं असतं, मागच्या बाकावर शांत बसणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही. सकाळी अकराच्या सुमाराला ज्युनियर वकिलांकडे नीट बघा. हातात चार-पाच फायली, एका कोर्टात तारीख घ्यायची, दुसऱ्यात सिनियर येईपर्यंत "साहेब पाच मिनिटांत येतायत" म्हणून वेळ मागायची, मधेच नक्कल विभागात अर्ज द्यायचा, रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाची नोंद, वाचून डायरीत पुढची तारीख टिपायची. दुपारी बाररूममध्ये डबा. संध्याकाळी सिनियरच्या ऑफिसात अशिलांची गर्दी आणि दाव्याचे मसुदे. हे बघून अंगात उत्साह आला तर वकिली तुमची. कंटाळा आला तरी काही बिघडत नाही, कायद्याच्या पदवीवर दुसऱ्या वाटाही आहेत. पण हे लाखो रुपये भरण्याआधी कळलेलं बरं.

सोलापूर जिल्ह्यात कामाला तोटा नाही. जमिनीच्या वाटणीचे दावे, सातबाऱ्यावरच्या नोंदींवरून तहसीलदार आणि प्रांतांपुढे चालणाऱ्या तक्रारी आणि अपिलं, हायवेवरच्या अपघातांचे नुकसानभरपाईचे क्लेम, चेक बाउन्स, पतसंस्था आणि साखर कारखान्यांची सहकारातली प्रकरणं, विडी आणि यंत्रमाग कामगारांचे तंटे. बार्शी, पंढरपूरसारख्या तालुक्याच्या कोर्टांतही नीट बस्तान बसवलेले वकील आहेत. इथे एक गोष्ट कुठल्याच माहितीपुस्तकात सापडत नाही : मराठीच्या जोडीला तेलुगू किंवा कन्नड बोलता येणाऱ्या वकिलाकडे अशील आपणहून येतो. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजीबाईला तिच्या भाषेत केस समजावून सांगितली की पुढची दहा माणसं तीच पाठवते.

आता एक मोठा बदल झालाय. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात बसतंय आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्गसोबत सोलापूर जिल्हाही त्याच्या कक्षेत आहे. हायकोर्टाची वकिली करायची म्हणजे मुंबईत खोली घेऊन राहायचं, हे समीकरण आपल्या भागापुरतं तरी बदललं. कनिष्ठ न्यायालयांचं काम बरंचसं मराठीत चालतं, हायकोर्टाचं इंग्रजीत. म्हणजे दोन्ही भाषांत मसुदा लिहिता यायला हवा, आणि कॉलेज बघताना ही गोष्ट लक्षात ठेवायची.

न्यायाधीश व्हायचं असेल तर हिशोब आणखी वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. पदवी हातात पडली की थेट या पदाची, म्हणजे जेएमएफसीची परीक्षा, हा आपल्याकडच्या अनेक मुलामुलींचा बेत होता. आता मधली तीन वर्षं कोर्टात काढायची तयारी हवी. बँकांच्या विधी अधिकारी पदासाठीही आयबीपीएस ही बँकभरतीची संस्था एलएलबीसोबत वकील म्हणून नोंदणी मागते, म्हणजे सनद लागतेच.

पायरी २ : खर्च शेवटच्या सेमिस्टरपर्यंत नाही, त्याच्या पुढे तीन वर्षांपर्यंत मोजा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून बोलू.

कॉलेजची फी सगळे विचारतात. खोली, मेस, प्रवास हेही कुणीतरी जोडतं. पदवीनंतर सिनियरकडे ज्युनियर म्हणून काढायची वर्षं मात्र कुणीच मोजत नाही. त्या काळात हातात काय पडतं? बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलीचं नियमन करणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेने, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं की ज्युनियरला शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मानधन द्यावं. ही सूचना आहे, सक्ती नाही. प्रत्यक्षात यापेक्षा बरंच कमी देणारी ऑफिसं सगळ्याच जिल्ह्यांत आहेत, आणि "काम शिकतोयस हेच खूप" म्हणणारे सिनियरही.

आता समजा घरून काही रक्कम घातली आणि १५ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढून एखाद्या खासगी विद्यापीठात पाच वर्षांचा कोर्स केला. १० टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिन्याला साधारण १९,८०० रुपये बसतो. शिक्षण चालू असताना चढलेलं व्याज यात धरलेलंच नाही. शहरातलं सुचवलेलं मानधन पूर्ण मिळालं तरी हप्ता भरून दोनशे रुपये उरतात. काळा कोट ड्रायक्लीन करायलाही पुरणार नाहीत. मग होतं काय, चांगला सिनियर सोडून मुलगा मिळेल ती नोकरी धरतो आणि ज्या वकिलीसाठी कर्ज काढलं तीच बाजूला पडते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जिल्हा न्यायालयातच वकिली करायची असेल तर घरी राहून सोलापुरात शिका आणि वाचलेले पैसे पहिल्या तीन वर्षांसाठी राखून ठेवा. जिल्ह्यातली कॉलेजं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाला संलग्न आहेत, शहरात दयानंद विधी महाविद्यालय वर्षानुवर्षं आहे. अशिलाला तुमच्या पदवीवरचं नाव माहीत नसतं, उलटतपासणीत तुम्ही साक्षीदाराला काय विचारलंत ते माहीत असतं.

याच्या अगदी उलट, मोठ्या लॉ फर्ममध्ये जायचं असेल तर नाव चालतं, आणि भरपूर चालतं. या फर्म कॅम्पसवर येतात त्या मुख्यतः वरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत आणि मोजक्या जुन्या कॉलेजांत. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. तिन्हीत राज्याच्या रहिवाशांसाठी राखीव जागा असतात, तेव्हा अधिवासाचा दाखला काढून ठेवायला विसरू नका. हॉस्टेल-मेससकट खर्च वर्षाला काही लाखांत जातो. चांगला रँक असेल तर तो खर्च करण्यासारखा आहे.

मला धास्ती वाटते ती मधल्या गटाची : चकचकीत इमारत, राष्ट्रीय विद्यापीठाच्या तोडीची किंवा त्याहून जास्त फी, आणि प्लेसमेंटच्या नावाखाली चार हसऱ्या चेहऱ्यांचं पोस्टर.

स्वस्त आणि नामांकित असं दोन्ही मिळू शकतं का? मिळतं, पण जागा कमी आणि चुरस मोठी. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं, देशातलं सगळ्यात जुनं, आणि फी काही हजारांत. तिथे खर्च होतो तो मुंबईत राहण्याचा. पुण्याचं आयएलएस १९२४ चं. सोलापूरकराला पुणे रेल्वेने जवळ, शिवाय तिथे कर्जवसुली न्यायाधिकरण आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ असल्याने इंटर्नशिपला वेगवेगळी कामं बघायला मिळतात. कोल्हापूरचं शहाजी लॉ कॉलेज १९३३ चं. सर्किट बेंच आल्यापासून मी त्याच्याकडे नव्या नजरेने बघायला लागलोय : हायकोर्ट त्याच गावात आणि राहणीचा खर्च मुंबईच्या मानाने कितीतरी कमी.

पायरी ३ : तीन वर्षं की पाच, आणि कुठली परीक्षा

बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स, कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांचा. बारावीलाच वकिली पक्की असेल तर पाच वर्षांच्या कोर्सने एक वर्ष वाचतं. मन डळमळीत असेल तर आधी बीकॉम करा. कर आणि कंपनी कायद्याच्या कामात ते पुढे उपयोगीच पडतं.

राज्यातल्या कॉलेजांसाठी एमएच सीईटी लॉ. ती मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. ती फक्त इंग्रजीत, दोन तासांत १२० प्रश्न आणि प्रत्येक चुकीला पाव गुण वजा. अलीकडे ती डिसेंबरमध्ये होते, बारावीच्या बोर्डाआधी, आणि खुल्या गटाचा फॉर्म ४,००० रुपयांचा आहे. इंग्रजी उतारे भराभर वाचता येत नसतील तर क्लासची मोठी फी भरण्याआधी जुना पेपर घड्याळ लावून सोडवून बघा. पत्राद्वारे किंवा ऑनलाइन एलएलबी करून देतो असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या, त्या पदवीवर सनद मिळत नाही.

पायरी ४ : कॉलेजात जा आणि अवघड प्रश्न विचारा

पहिला प्रश्न बार कौन्सिलच्या मान्यतेचा. कुठल्या कोर्सला, किती जागांना आणि कुठल्या वर्षापर्यंत मान्यता आहे, हे पत्रच दाखवायला सांगा. "नूतनीकरण प्रक्रियेत आहे" हे उत्तर मिळालं तर जपून. सनद घेताना याच कागदावर अडतं.

दुसरा प्रश्न ऑफिसात नको, शेवटच्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये विचारा : तास होतात का? नियम ७० टक्के हजेरीचा आहे. "हजेरीचं बघू आम्ही, परीक्षेला या फक्त" म्हणणारी कॉलेजं नोकरदारांना सोयीची वाटतात खरी. पण तिथून बाहेर पडलेल्या पोराला साधा जामीन अर्ज लिहिता येत नाही, आणि ते पहिल्याच आठवड्यात सिनियरच्या लक्षात येतं.

ग्रंथालयात एक चक्कर मारा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचे दोन नवे कायदे लागू झाले. कपाटात अजून फक्त जुन्या दंड संहितेचीच पुस्तकं दिसली तर काय ते समजा. जुन्या प्रकरणांसाठी तीही लागतात, पण नवी नसणं म्हणजे कुणी लक्ष देत नाही. मूट कोर्ट हॉलचं, म्हणजे मुलं जिथे खोट्या खटल्यांवर युक्तिवादाचा सराव करतात त्या खोलीचं, कुलूप नेहमीचं आहे की आजचंच, हेही शिपायाला विचारा.

नोकरीच्या दाव्यांबाबत एकच करा. "सर्वाधिक पॅकेज" ऐकू नका. मागच्या बॅचमध्ये पास किती झाले, सनद किती जणांनी घेतली, वकिलीसाठीची ऑल इंडिया बार एक्झाम किती जण उत्तीर्ण झाले आणि आज ते कुठे आहेत, हे विचारा. यादी नसेल तर निदान पाच माजी विद्यार्थ्यांचे नंबर मागा आणि खरोखर फोन लावा. जिल्हा न्यायालयातल्या बाररूममध्येही विचारून बघा, ज्युनियर ठेवताना सिनियर कुठल्या कॉलेजची मुलं घेतात ते तिथे दहा मिनिटांत कळतं.

पायरी ५ : फी कमी कशी होईल ते बघा

विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजवार बघता येते. कॉलेजने सांगितलेला आकडा तिथे ताडून बघा. विकास निधी, ग्रंथालय, ओळखपत्र असं करत वर काही चढवलं असेल तर पावती मागा.

कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळू शकते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, त्यालाही आठ लाखांचीच मर्यादा. दोन्हीसाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधूनच झालेला हवा. "राउंडची वाट कशाला बघता, मॅनेजमेंटमधून आजच सीट पक्की करा" असं कुणी म्हणालं तर ही सवलत गेली हे तिथल्या तिथे लक्षात घ्या. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना मुलींची ही माफी लागू नाही. घरापासून दूर राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, त्यांच्या अटी वाचून घ्या.

सनदेच्या खर्चाचा धसका आता घेऊ नका. पूर्वी राज्याराज्यांच्या बार कौन्सिल नोंदणीसाठी हजारो रुपये घेत. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ॲडव्होकेट्स ॲक्टमधल्या रकमेवर बोट ठेवलं : खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, मुद्रांक शुल्क सोडलं तर त्यावर काही नाही.

कॅपचा पसंतीक्रम भरताना पहिल्या नंबरावर खरोखर हवं ते कॉलेज टाका, मिळण्याजोगं वाटतं ते नव्हे, आणि फी परवडत नाही असं एकही नाव यादीत ठेवू नका. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणीची कामं निकालाची वाट न बघता आधीच उरकून घ्या. निकालानंतर सेतूत इंजिनिअरिंगपासून नर्सिंगपर्यंत सगळ्यांची एकच गर्दी होते, आणि पोर्टलवर कागद चढवायची मुदत तुमच्या दाखल्यासाठी थांबत नाही.