साथरोगांच्या आकडेवारीचं प्रशिक्षण : इंदूरमधल्या 2 दिवसांची तयारी

हॉल आणि जेवणाआधी डेटा हाती घ्या. एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका), सीएचओ (उपकेंद्रातले सामुदायिक आरोग्य अधिकारी), लॅब टेक्निशियन, मेडिकल ऑफिसर यांना परक्या देशाची उदाहरणं दिली की शिकलेलं तिथेच राहतं. आपल्याच जिल्ह्यातल्या डेंग्यूची 200 ओळींची लाइन लिस्ट, म्हणजे एका ओळीत एक रुग्ण अशी यादी, घ्यावी. नाव, मोबाइल, घरचा पत्ता, आभा (डिजिटल आरोग्य खात्याचा) क्रमांक काढून प्रत्येक रुग्णाला नवा अनुक्रमांक द्यावा. छोट्या गावात वय आणि लिंगावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून तिथे वयोगटच ठेवावा. लक्षणं सुरू झाल्याची तारीख, तपासणीची तारीख, तपासणीचा प्रकार, निकाल आणि राहण्याचं ठिकाण मात्र हवंच. आणि कृपा करून यादी आधी साफ करू नका. पहिला पूर्ण दिवस त्या सफाईसाठीच आहे.

सर्वांत जास्त घोळ तारखांचा. लॅपटॉपची सेटिंग अमेरिकी असेल तर एक्सेल 05/08 म्हणजे 8 मे समजतं. ऑगस्टच्या 1 ते 12 तारखांचे रुग्ण मग जानेवारी ते डिसेंबर, प्रत्येक महिन्याच्या 8 तारखेला जाऊन बसतात. 13 पासूनच्या तारखा निव्वळ मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेला चिकटतात. साथ ऐन भरात असताना आलेख सपाट दिसतो तो यामुळे. फाइल उघडण्यापूर्वीच प्रत्येक लॅपटॉपची रीजन सेटिंग ‘इंडिया’ करून ठेवा. आलेख लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेवर काढायचा. तपासणीच्या तारखेवर काढला तर लॅबच्या सुट्टीनंतरचा दिवस साथीसारखा दिसतो.

आठवडा सोमवार ते रविवार. एक्सेलचं आठवड्याचा क्रमांक देणारं साधं सूत्र वीकनम (WEEKNUM) रविवारपासून मोजतं, तेव्हा आयएसओवीकनम (ISOWEEKNUM) वापरा आणि वर्षाचा रकाना वेगळा ठेवा: 1 ते 3 जानेवारी 2021 हे दिवस 2020 च्या 53 व्या आठवड्यात येतात.

ठिकाणांची प्रमाण यादी छापून प्रत्येक टेबलावर ठेवावी: महापालिकेचे 85 वॉर्ड, आणि इंदूर, महू, सांवेर, देपालपूर हे 4 ब्लॉक, प्रत्येकाला कोड. महूची नोंद कुणी जुन्या नावानं करतं, कुणी डॉ. आंबेडकर नगर, शहरातली खजराना वस्ती इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत धार, देवास, खरगोनचेही रुग्ण येतात. रुग्णालयाचा पत्ता हाच रुग्णाचा पत्ता धरला तर फवारणीची गाडी भलत्याच वस्तीत जाते.

साथरोग नोंदवायचे फॉर्म तीन: एस आरोग्य कर्मचाऱ्याचा, पी डॉक्टरचा, एल लॅबचा. एकच रुग्ण पी आणि एल दोन्हींत असू शकतो, म्हणून त्यांची बेरीज करू नये. डेंग्यूला पहिल्या 5 दिवसांत एनएस1 एलायझा (रक्तातलं विषाणूचं प्रथिन शोधणारी लॅब तपासणी), नंतर आयजीएम एलायझा (प्रतिपिंड शोधणारी). नुसत्या रॅपिड किटवर पॉझिटिव्ह आलेल्यांना खात्रीच्या रुग्णांत मिसळू नका.

दर काढताना छेद, म्हणजे भागायची लोकसंख्या, कोणता घेतला ते तक्त्याखाली लिहायला लावा. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 32,76,697 होती. शहराच्या कडेच्या वसाहती त्यानंतर वाढल्या, तिथे जुना आकडा धरला तर दर फुगतो. जिच्या वर रुग्ण गेले की इशारा द्यायचा त्या धोक्याच्या पातळीसाठी मागच्या 5 वर्षांतल्या त्याच आठवड्यांचा मध्यक घ्यावा, पण त्यांत 2020 किंवा 2021 येत असेल तर ते धरायचं का, यावर अर्धा तास चर्चा होऊ द्या. कोविडच्या काळात कमी नोंदलेली वर्षं पातळी खाली ओढतात आणि पुढे दर आठवड्याला उगाच इशारा वाजतो. एका केंद्रात 1 चे 3 रुग्ण झाले तर ‘200 टक्के वाढ’ लिहू देऊ नका, संख्याच लिहा.

दोघांत एक लॅपटॉप. चौघांत ठेवला तर दोघं नुसते बघत बसतात. एक्सेलचं पिव्हट टेबल (यादीतून मोजणीचा तक्ता बनवणारी सोय) पुरेसं आहे. एपि इन्फो 7 हे साथरोगांच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर शिकवायचं असेल तर ते विंडोजवरच चालतं, आदल्या दिवशी पेनड्राइव्हवरून टाकून घ्या. साथरोगांची नोंद होते त्या आयएचआयपी या सरकारी पोर्टलची फाइलही आदल्याच दिवशी उतरवून ठेवा. 20 जण एका वाय-फायवर लॉगिन करू लागले की सकाळ जाते. लसीकरणाचे वार टाळा.

दुसऱ्या दिवशी 4 वाजेपर्यंत प्रत्येक जोडीनं एक पान द्यावं: आठवड्यांचा आलेख, वॉर्डवार तक्ता, वयोगट, आणि खाली उद्या कोणत्या वस्तीत कोण काय तपासायला जाणार ते. ते शेवटचं वाक्य नसेल तर पान परत करा.