मोफत वकील मागताना
परवा एक बाई आल्या. हातात घड्यांवर फाटत आलेलं समन्स, तारीख चार दिवसांवर. ‘पैसे नाहीत म्हणून थांबले,’ म्हणाल्या. जीव कळवळला. थांबू नका हो! १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बहुधा कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं; तिथे अर्ज द्या. अर्ज लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथे लिहून घेतात. समन्सची झेरॉक्स जोडा, मूळ कागद स्वतःजवळच ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. जाणं जमत नसेल तर १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनला फोन लावा. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.