जनावराला हगवण लागली? आधी शेण आणि वय पाहा

हगवण दिसली की गोळी चारायची घाई करू नका. शेणाचा रंग, वास, जनावराचं वय आणि चार दिवसांत बदललेलं खाणं, एवढं नीट पाहिलं तर कारणाचा बराचसा अंदाज येतो.

वासरू आठवड्याच्या आतलं आणि शेण पांढरट-पिवळं, पाण्यासारखं असेल तर बहुधा ई. कोलाय नावाचे जिवाणू. चीक उशिरा किंवा कमी पाजल्यावर हेच होतं. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या दिवसात पोटात जायला हवा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. म्हशीच्या रेडकाचं शेण मातकट आणि घाण वासाचं असेल तर जंताची शंका घ्या. हे जंत आईच्या दुधातूनच येतात. रक्ती हगवण, सोबत कुंथणं, ही कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म जंतूची खूण. पण तो जंतू पोटात वाढायला अडीच-तीन आठवडे घेतो, म्हणून त्याआधी रक्त दिसलं तर कारण वेगळं शोधा.

मोठ्या जनावरात पहिला संशय चाऱ्यावर. पावसाळ्यात कोवळं गवत एकदम पोटभर मिळालं की शेण पातळ होतं. कडबा मिसळून आठ-दहा दिवसांत बदल करा. लग्नातला उरलेला भात-पोळ्या किंवा भरडा जास्त खाल्ला असेल, शेणाला आंबट वास असेल, जनावर सुस्त असेल, तर ती आम्लता. इथे तासांचा प्रश्न असतो, डॉक्टरांना लगेच बोलवा. पाणथळ कुरणात चरणाऱ्या गाईच्या जबड्याखाली सूज आली तर पर्णकृमी, म्हणजे यकृतातले चपटे जंत, असू शकतात. खाते नीट, तरी महिनोन्‌महिने पातळ हगते आणि खंगत जाते, अशी गाय जोन्सच्या रोगासाठी (आतड्याचा जुनाट संसर्गजन्य रोग) तपासून घ्या, तोवर तिला वासरांपासून दूर बांधा.

वासरू मरतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आटल्यानं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत बसली नाही, डोळे खोल गेले, तर पाणी कमी पडलंय. एक लिटर कोमट पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ, तेवढाच खाण्याचा सोडा आणि चार-पाच चमचे ग्लुकोज घालून थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा पाजा. दूध बंद करू नका, फक्त दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. सोड्यामुळे दूध पोटात नीट फाटत नाही. आडवं पडलेल्या वासराच्या तोंडात जबरदस्तीनं ओतू नका, पाणी फुप्फुसात जातं. त्याला शिरेतून सलाईनच लागतं.

ताप 103 अंश फॅरनहाइटच्या वर, शेणात रक्त, किंवा वासरू दूध ओढत नसेल तर 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. ताजं शेण स्वच्छ डबीत घेऊन ठेवा, प्रतिजैविक देण्याआधीचं.